तुंब्यातला फोन

कंपनीचा माणूस माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा बसण्याआधी त्याने रुमालाने खुर्ची पुसली. खुर्ची स्वच्छ होती. दुकान उघडल्यावर माझं पहिलं काम तेच असतं. पण जंगलपट्टीतलं वडसा म्हटल्यावर धूळ असणारच, असं तो नागपूरहूनच ठरवून आला होता. मी चहा मागवला आणि मनातल्या यादीत त्याच्यापुढे एक फुली मारली.

याद्या करायची मला लहानपणापासून सवय. काय संपलं, काय यायचं आहे, कोणाला काय सांगायचं राहिलं. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ते म्हणत, "तू यमालाही यादी देशील." मी म्हणायची, "देईन की. त्याचीही धांदल कमी होईल."

स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान. नव्वदच्या दशकात तिथे मी एसटीडी बूथ चालवला. दिवाळीनंतर गावोगावच्या नाटकांचा हंगाम लागून इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडली की बूथला श्वास घ्यायला फुरसत नसे. रात्री स्टेजवर गर्जना करणारा खलनायक दुपारी माझ्या काचेच्या खोक्यात उभा राहून बायकोला नुसतं "हो, हो, बरं" म्हणत असे. मग मोबाईल आला. बूथमध्ये कोळी जाळं विणायला लागले, तसा मी विचार केला की रडत बसण्यात अर्थ नाही. जे आलं आहे तेच विकायचं.

अशी मी त्या परदेशी कंपनीची विक्रेती झाले. साता समुद्रापलीकडची कंपनी, जगभर फोन विकणारी. तिने त्या वेळी फोन आणि सिमकार्ड एकाच डब्यात देण्याची योजना काढली होती. दुकानावर कंपनीने पत्र्याचा मोठा फलक लावून दिला. त्यावर वाऱ्यावर केस उडणारी एक गोरी बाई कानाला फोन लावून हसत होती. कशाला हसते, हे बाजारातल्या बायका मला पुष्कळ दिवस विचारत होत्या.

वर्षभरात कंपनीने चंद्रपूरला एका हॉटेलात विक्रेत्यांची बैठक घेतली. आत इतकी थंडी की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. खुर्ची पुसणाऱ्या साहेबाने आम्हाला इंग्रजीत छापलेला कागद वाटला आणि एकेक मुद्दा मराठीत सांगितला. कंपनीपुढे कोणकोणते धोके आहेत, याची ती यादी होती. मला आनंद झाला. याद्या करणारं कोणीतरी भेटलं असं वाटलं.

आयातीवरचा कर सरकार कधीही वाढवू शकतं. व्हॅट नवा आला आहे, त्याचे नियम कोणालाच नीट कळलेले नाहीत. डॉलर चढला तर फोन महागतो. बिलाशिवाय चोरवाटेने येणारे फोन बाजार खातात. कुठल्याशा देशात बॅटऱ्या फुगल्या आणि तिथल्या सरकारने त्या बदलून द्यायला लावल्या. आणखी कुठल्या देशात मक्तेदारीची चौकशी चालू आहे. अगदी शेवटी बारीक अक्षरांत असं होतं की ज्या जिल्ह्यांत सरकारने सुरक्षेसाठी जादा नियम लावले आहेत, तिथे विक्री केल्यास कंपनीवर कारवाई होऊ शकते. तिथली जबाबदारी विक्रेत्याची.

मी कागदाच्या पाठीमागे उभी रेघ ओढली. डावीकडे धोका, उजवीकडे तो भोगणार कोण. कर वाढला तर गिऱ्हाईक माझ्याशी भांडणार. बॅटरी फुगली तर ती माझ्या काउंटरवर आपटली जाणार. बिलाशिवायचे फोन माझ्या शेजारच्या पानठेल्यात मिळत होते, ते काही कंपनीच्या मुख्य कचेरीसमोर मिळत नव्हते. उजवीकडे खालपर्यंत मीच मी. मी हात वर केला.

"साहेब, यातला एक तरी धोका कंपनी स्वतःजवळ ठेवणार आहे का?"

लोक हसले. साहेबही हसला. "मॅडम, जेवण तयार आहे," म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मच्छीमार सोसायटीची माणसं दुकानात आली. आरमोरीच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या जुन्या मालगुजारी तलावाचा ठेका या ढिवर मंडळींच्या सोसायटीकडे होता. सगळे सभासद आले होते. दुकानात मावेनात, म्हणून काही रस्त्यावर उभे राहिले. अध्यक्ष पुढे झाले. साठीकडे झुकलेला, पाण्यात राहून राहून पायाची बोटं फाकलेला माणूस.

"बाई, फोन पायजे."

"कोणासाठी, भाऊ?"

"सोसायटीसाठी."

"नाव एकाचंच लागते, भाऊ. सरकारचा नेम हाये."

"काऊन? तलाव सगळ्यायचा, जाळं सगळ्यायचं, मंग फोन एकाचा काऊन?"

मागून कोणीतरी बोललं, "मंग सरकारनं एकेकाले एकेक तलाव द्यावं."

फोन कशाला हवा होता, ते भाऊंनी समजावून सांगितलं. जाळं ओढलं, मासोळी टोपलीत आली, की व्यापारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी उभी करून म्हणे, आज भाव पडला. मेलेली मासोळी उन्हात किती वेळ थांबणार? तो देईल त्या भावाने द्यावी लागे. पण जाळं ओढण्याआधीच वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीला विचारता आलं तर? भाव नसेल त्या दिवशी जाळंच टाकायचं नाही. "पाण्यातली मासोळी थांबते, बाई," भाऊ म्हणाले. "थिले घाई नाई." मी आजवर फोनच्या कितीतरी जाहिराती पाहिल्या. इतकं स्वच्छ कारण एकाही जाहिरातीत सापडलं नाही.

शेवटी नाव अध्यक्षांचं द्यायचं ठरलं. फोटो मागितला तर त्यांनी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, काढलेला सगळ्या सोसायटीचा फोटो पुढे केला. फोटो काढायचा तर सगळ्यांचाच, असा त्यांचा ठराव झालेला. मी कात्री घेतली आणि भाऊंचा चेहरा कापायला लागले. त्यांच्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात होता.

"हात नका कापू, बाई," भाऊ म्हणाले. "थो हात गेला त मी एकटाच दिसन."

मी हात राहू दिला. अर्जावर तो फोटो चिकटवला आणि शिक्का मारला. फोन सोसायटी वापरणार, हे मला पक्कं माहीत होतं.

गावात रेंज नव्हती. तलावाच्या पाळीवर जे मोहाचं झाड आहे, त्याच्या एका फांदीखाली तेवढी दोन काड्यांची रेंज येत असे. मग फोन तिथेच राहणार. डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, जाताना ही माणसं तंबाखू आणि आगपेटी वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवतात, म्हणजे भिजत नाही. त्यांनी एका मोठ्या तुंब्याचं तोंड रुंद केलं, अध्यक्षांच्या बायकोने जुन्या लुगड्याचा बोळा करून दिला, आणि फोन फांदीला टांगला. सकाळी ढोरांबरोबर फोन पाळीवर जाई, संध्याकाळी ढोरांबरोबर चार्जिंगला घरी येई. वाजला की तुंबा घुमे आणि पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाई. पाण्यात भिजलेल्या फोनला कंपनीची हमी नव्हती. तुंब्याची होती.

व्यापाऱ्याचा "भाव पडला" हा शब्द महिनाभरात बंद झाला. वहिनी, म्हणजे अध्यक्षांच्या बायको, वडशाच्या बाजारात स्वतः मासोळी घेऊन बसू लागल्या. जाता-येता माझ्या दुकानात टेकत.

मग तो दिवस आला. मी तिथे नव्हते, पण इतक्या तोंडांनी ऐकलं आहे की पाठ झालं आहे. सकाळची वेळ, सगळे पाण्यात, जाळं अर्धं ओढलेलं. पोलिसांची तुकडी पाळीवरून चालली होती आणि मोहाचं झाड वाजायला लागलं.

सुरुंग असेल म्हणून जवान पाळीच्या उतारावर आडवे झाले. त्यांना कोणी हसू नये. त्या वर्षांत आमच्या भागात त्यांनी काय काय पाहिलं होतं ते त्यांनाच माहीत. अधिकारी ओरडला, "कोणी टांगलं हे?"

तलावाच्या मधोमध डोंग्यातून भाऊ उभे राहून ओरडले, "आमचाच हाये, साहेब! उचला न! आरमोरीचं गिऱ्हाईक असन! भाव पुसा!"

कोणी उचलेना. फोन थांबला, पुन्हा वाजला. तेवढ्यात वहिनी टोपली घेऊन पाळीवर आल्या. आडव्या पडलेल्या जवानांकडे बघत बघत त्या सरळ झाडाखाली गेल्या, तुंब्यात हात घातला आणि फोन कानाला लावला.

"हालो. थांबा जरासे. इथी पोलिस झोपले हायेत."

जवान हसले, अधिकारी हसला नाही. फोन, तुंबा आणि भाऊ, तिघांना ठाण्यात नेलं. संध्याकाळी भाऊंना सोडलं. फोन आणि तुंबा ठेवून घेतले. अर्ज मागवला गेला. फोटोतला खांद्यावरचा हात कोणाचा, हा प्रश्न कागदावर आला. नाव एकाचं, फोन अनेकांचा, झाड जंगलाच्या तोंडाशी.

दोन दिवसांत कंपनीचा साहेब गाडीने हजर. या वेळी खुर्ची पुसायचीही शुद्ध नव्हती. त्याने टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

"मॅडम, फक्त सही करायची आहे. तुम्हाला काही होणार नाही."

मी वाचलं. खरेदीदाराने माहिती लपवून विक्रेत्याची दिशाभूल केली. फोन इतरांना वापरायला दिला जाणार आहे, याची विक्रेत्याला कल्पना नव्हती. खाली माझ्या नावाला जागा.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "भाऊंनी मला सगळं सांगितलं होतं. फोटोही मीच कापला."

"मॅडम, नियम कडक होत चाललेत. वरून विचारणा झाली तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. एका तालुक्यातल्या एका फोनमुळे आमच्या सगळ्या राज्यातल्या परवानग्या अडचणीत येऊ शकतात. तुम्ही समजून घ्या. सही केली की तुमचं दुकान चालू. फक्त यापुढे शहराबाहेर विक्री नाही."

"आणि भाऊंचं काय होणार?"

"ते पोलिस बघतील."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून कोणीतरी विचारणार होतं, आणि त्या कोणाला त्याच्या वरचं कोणी. पण मला हा कागद काय करतो ते दिसत होतं. आमच्या भागात त्या काळी संशयात एकदा नाव गेलं की प्रत्येक घटनेनंतर ठाण्यातून बोलावणं येई. ठाण्यातून परतलं की जंगलातले बंदूकवाले विचारत, तिथे काय सांगून आलास? भाऊंना या दोन्हींच्या मधे उभं करण्यासाठी माझी सही पुरेशी होती. चंद्रपूरच्या कागदावरची शेवटची बारीक ओळ उतरत उतरत वडशाला आली होती, माझ्याजवळ. मी ती आणखी एक पायरी खाली ढकलावी, एवढंच कंपनीला हवं होतं.

सही केली नाही तर काय जाणार, तेही मला माहीत होतं. मुलगी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होती. दुकानात जे काही विकलं जाई, ते त्या हसऱ्या बाईच्या फलकाखालीच. यजमानांना विचारलं तर त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "खोटं लिहायचं असेल तर शुद्धलेखन तपासून देतो. एवढंच माझ्या हातात आहे."

मी साहेबाला त्याचा कागद परत दिला. दुसरा कोरा घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिलं: फोन सोसायटीसाठी घेतला जात आहे हे मला माहीत होतं, खरेदीदाराने काही लपवलेलं नाही, फोटो मी कापला. सही केली, शिक्का मारला.

"हा न्या," मी म्हणाले. "जबाबदारी विक्रेत्याची, असं तुमच्याच कागदात आहे ना? मी घेतली."

"मॅडम, याने तुमची डीलरशिप जाईल."

"तुमच्या यादीत आमचा जिल्हा धोका आहे ना, साहेब? इथे माणसं राहतात. धोक्यात राहणाऱ्यांना फोन लागतो, बाकीच्यांचं चिठ्ठीवरही भागतं."

तो उठला. चहा तसाच राहिला.

त्याच कागदाची दुसरी प्रत घेऊन मी भाऊंबरोबर ठाण्यात गेले. हाताचा मालकही सोबत घेतला. अधिकाऱ्याने अर्ज काढला, फोटोवर बोट ठेवलं.

"हा हात कोणाचा?"

"माहा, साहेब," तो माणूस पुढे झाला. अधिकारी काही म्हणायच्या आत त्याने भाऊंच्या खांद्यावर हात टाकला, फोटोत होता तस्सा, आणि कॅमेऱ्यासमोर धरतात तसा श्वास रोखून उभा राहिला. भाऊही आपोआप ताठ झाले.

अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मग हे दोघे पाहिले, मग मला पाहिलं. "बाई, तुम्हाला माहीत होतं फोन सगळे वापरणार?"

"होतं, साहेब. लिहून दिलं आहे. कॉल कोणाकोणाला गेले तेही काढून बघा. मासोळीवाल्यांशिवाय एक नंबर निघाला तर मला आत घाला."

त्यांनी काढले. वेळ लागला, भाऊंच्या दोन-तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला मी दुकान यजमानांवर सोपवून सोबत गेले. नंबर मासोळीवाल्यांचेच निघाले. एक तेवढा वेगळा होता, तो अध्यक्षांच्या व्याह्यांचा. त्यावर भाऊंना घरी जास्त ऐकावं लागलं.

फोन परत देताना अधिकारी म्हणाला, "पुन्हा जंगलात टांगू नका."

"पाळ जंगलात येत नाही, साहेब," मी म्हणाले. "कागदावर तलाव आहे. उतारा आणला आहे, दाखवू?"

"बाई, तुम्ही वकील काऊन नाही झालात?" त्याच्या तोंडून आमचा "काऊन" निघाला तेव्हा मला कळलं की काम झालं. त्याने एकच अट घातली. तुंब्यावर सोसायटीचं नाव रंगवायचं, इतकं मोठं की रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. त्यांनी लाल रंगात रंगवलं. नाव लांब होतं, तुंबा लहान. ते गोल फिरून पुन्हा पहिल्या अक्षराला येऊन टेकलं. वाचायला झाडाभोवती फिरावं लागे.

ठाण्यात भाऊंच्या नावावर काही राहिलं नाही. माझी डीलरशिप गेली. कंपनीचं पत्र आलं, शिल्लक माल आणि फलक परत करा. माल मी यादीसह परत पाठवला, डबा न डबा मोजून. फलक नाही पाठवला. दुकानात मी जुने फोन दुरुस्त करायला ठेवले, घड्याळं, टॉर्च, बॅटऱ्या, आणि जी कंपनी "कुठे विकू नका" असं सांगत नाही तिचा माल. पहिली दोन वर्षं ओढाताण झाली. मुलीने शिकवण्या घेतल्या. ती अजून मला सुनावते की मी तिला विचारलं नव्हतं. खरं आहे. विचारलं नव्हतं.

काही वर्षांनी कंपनीचा दुसरा साहेब आला. कोवळा, बोलका. खुर्ची न पुसता बसला, एवढं मी लक्षात ठेवलं. म्हणाला, कुठून कुठून स्वस्त फोन आलेत, दोन सिमचे, मोठ्या आवाजाचे, आणि शहरात आता वाढ उरलेली नाही. कंपनीचं पुढचं सगळं खेड्यांवर अवलंबून आहे. त्याने बॅगेतून नवीन जाहिरात काढली. पाण्यात उभा असलेला एक कोळी कानाला फोन लावून हसत होता.

"तुमच्यासारख्या जुन्या लोकांना आम्हाला परत जोडायचं आहे, मॅडम."

"जोडा. माझी एकच अट आहे. सोसायटीला फोन विकला यात काही चूक नव्हती, खरेदीदाराने काही लपवलं नव्हतं, असं कंपनीने दोन ओळींत लिहून द्यावं. मी ते भाऊंच्या घरी नेऊन देणार आहे."

"असं कंपनी लिहून देत नाही, मॅडम. कायदेशीर अडचणी असतात."

"मग राहू द्या."

त्याने बरंच समजावलं. सूट, बक्षिसं, सिंगापूरची सहल. मी गिऱ्हाईक बघत राहिले. शेवटी उठताना तो वही चाळत म्हणाला, "निदान आमचा फलक तरी. आमच्याकडे तुमच्या नावावर एक फलक बाकी दिसतो."

"चला, दाखवते."

मी त्याला बाजारात घेऊन गेले. ओळीच्या टोकाला वहिनी बसल्या होत्या, समोर रोहू आणि मरळ. डोक्यावर चार बांबूंवर तारेने बांधलेला आमचा फलक. ती केस उडणारी बाई आता खालच्या बाजूला होती आणि वरून मासोळीकडे बघून हसत होती. कोपरे गंजले होते.

साहेब मान वर करून पाहत राहिला. "आजी, हा कंपनीचा फलक आहे."

वहिनींनी मरळीवर पाणी शिंपडलं. "असन," त्या म्हणाल्या. "पण पावसाचं पाणी त माह्या टोपलीवर पडते."